दोन डाव्या हातांची ओंजळ

मला सहजासहजी किळस येत नाही. मी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. सकाळी लोक रांगेने आपापल्या डब्या माझ्या हातात देतात, कुणी झाकण अर्धवट लावून, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि एक गृहस्थ तर दर खेपेला जॅमची बाटली घेऊन येतात, लेबलासकट. परक्याची थुंकी काचपट्टीवर पसरवायची आणि हात धुऊन जेवायला बसायचं, हे माझं रोजचं. तेव्हा मला कशाची शिसारी आली असं मी म्हणते, तेव्हा ते नाजूक बाईचं नाक मुरडणं समजू नका. जुनी रंगीत काचेची भांडी जमवणाऱ्या माणसांची मला शिसारी येते.

या लोकांशी माझी गाठ पडली ती सासऱ्यांमुळे. मी त्यांना मामंजी म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, कान तिखट, गुडघे कामातून गेलेले, आणि बोटं अजून अशी की सुईत दोरा मी नाही, तेच ओवतात. त्यांनी जन्मभर साचे कोरले. ज्या कारखान्यात ते होते तिथे स्वस्तातली रंगीत काचभांडी निघायची: हिरवी, गुलाबी, जांभळी, मधासारखी पिवळी. काच फुंकून करायची नाही, दाबून करायची. बिडाचा साचा, त्यात वितळलेल्या काचेचा गोळा टाकायचा, वरून दट्ट्या दाबायचा, साचा उघडायचा, झाली वाटी. वाटीवर द्राक्षाचा घोस हवा असेल तर तो साच्यात आत कोरावा लागतो, उलटा आणि खोल. जे काचेवर वर यायचं ते लोखंडात खाली जायचं, जे उजवीकडे दिसायचं ते डावीकडे कोरायचं. मामंजी म्हणतात, दहा वर्षं हे काम केलं की डोकं आपोआप उलटं चालायला लागतं, आरशात दाढी करताना सुद्धा आपण कुठल्या बाजूला आहोत ते क्षणभर कळत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी मालकाच्या डोक्यात आलं की ओंजळीच्या आकाराची वाटी काढायची. दोन जोडलेले तळहात, बाईचे, त्यात कुणी साबण ठेवील, कुणी कानातलं ठेवील. साचा मामंजींकडे आला. हात कुणाचे घ्यायचे याचा त्यांना विचारच करावा लागला नाही. माझ्या सासूबाई त्याच कारखान्यात माल बांधायच्या खात्यात होत्या, भाताच्या पेंढ्यात वाट्या गुंडाळून खोक्यात रचायच्या. मुकादमाने त्यांना अर्ध्या तासाची सुटी दिली. मामंजींनी प्लास्टर कालवून त्यांच्या डाव्या हाताचा ठसा घेतला. उजव्या हाताचा घेता आला नाही, कारण उजव्या हातावर माझा नवरा होता. तेव्हा सहा महिन्यांचा, आणि खाली ठेवला की कारखाना डोक्यावर घ्यायचा. आजही त्याला कुठे ठेवून जायची सोय नाही, पण तो वेगळा विषय.

मामंजींनी ठरवलं, एक ठसा पुरे. साच्याची दोन अंगं असतात, बिजागरीने जोडलेली. एका अंगात डावा हात जसा आहे तसा कोरू, दुसऱ्या अंगात तोच मनात उलटा करून उजवा कोरू. इथे घात झाला. साचा कोरताना एकदा उलटं करायचंच असतं, ते त्यांच्या हाताने सवयीने केलं. डाव्याचा उजवा करण्यासाठी आणखी एकदा उलटं करायचं होतं, तेही त्यांनी केलं, पण मग सवयीचा हात मध्ये पडला आणि त्याने ते पुन्हा फिरवलं. उलट्याचं उलट म्हणजे सरळ, आणि सरळ म्हणजे पुन्हा डावाच. ही चूक तुम्ही-आम्ही करूच शकत नाही. त्यासाठी माणूस फार तरबेज असावा लागतो.

साच्यातून पहिली वाटी निघाली तेव्हा सगळे भोवती जमले. काचेत बुडबुडा आहे का पाहिलं, सांधा जाड आलाय का पाहिलं, बोटांची नखं उठलीत का पाहिलं. अंगठे कुणी पाहिले नाहीत. तुमची ओंजळ समोर धरून बघा, दोन्ही अंगठे बाहेरच्या कडांना येतात. या वाटीत एक अंगठा बाहेर होता आणि दुसरा मधोमध, पहिल्या हाताच्या करंगळीला खेटून. दोन डावे हात शेजारी शेजारी. आठ दिवस कारखाना ते हात दाबत होता, चार रंगांत. माल गाडीत भरला, दुकानांत गेला.

मग एका दुकानदाराचं पत्र आलं की असे हात असणारा प्राणी कुठे राहतो ते कळवावे. मालकाने ते पत्र दुपारच्या सुटीत अंगणात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. न खपलेला माल दुकानांतून परत मागवून भट्टीत घातला, खपलेला गेला तो गेला.

मामंजींना साच्याच्या टेबलावरून उठवलं आणि फुटक्या मालाच्या ढिगावर बसवलं, रंग निवडायला. हिरवं हिरव्यात, गुलाबी गुलाबीत, पुन्हा भट्टीत जायला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाने नवा साचा कोरला, बरोबर अंगठ्यांचा, स्वतःच्या बायकोच्या हातांचा. त्या वाट्या पुढे वीस वर्षं निघाल्या. आज त्या पायलीला पन्नास मिळतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

पण मामंजींची शिक्षा ती काहीच नव्हती. बांधणीच्या खात्यात बायका होत्या, आणि बायकांना विषय लागतो. "हिचे दोन्ही हात डावे," असं सुरू झालं. खोकं वाकडं बांधलं गेलं, हिचंच असणार. वाटी फुटली, हिच्याच हातून. "हात दाखवून अवलक्षण गं बाई," म्हणायच्या आणि खिदळायच्या. सासूबाईंना केवढी हौस होती, आपले हात घरोघरी जाणार म्हणून. त्या गप्प झाल्या. एकदाच नवऱ्याला म्हणाल्या, "माझे हात लोकांच्या घरात हसू होऊन बसलेत. ते परत आणा." नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी सून म्हणून आले तेव्हा त्या सदान्‌कदा शालीखाली हात घेऊन बसायच्या, मला वाटायचं थंडी वाजते. तीन वर्षांनी त्या गेल्या. खरं कारण मला मामंजींनी त्यानंतर सांगितलं, तेही परसातल्या गोणपाटावरून मी भांडले म्हणून.

ते गोणपाट सांगायला हवं. दर रविवारी मामंजी जुन्या बाजारात जातात. फळकुटांवर लोक घरातला अडगळीचा माल मांडून बसतात, त्यात वाकून वाकून हे एकच वस्तू शोधतात. पूर्वी दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी दोन डाव्या हातांची वाटी मिळायची. घरी आणायची, कागदातून न सोडताच गोणपाटात घालायची, तोंड बांधायचं, आणि साच्याच्या जुन्या हातोडीने दगडावर धाड धाड धाड. अगदी पीठ होईपर्यंत. मग परसाच्या दाराच्या चौकटीवर छिन्नीने एक रेघ. एकशे बारा रेघा आहेत तिथे. माझं म्हणणं इतकंच असायचं की काचेचा चुरा मोरीत जातो, ओल्या फरशीवर दिसत नाही, आणि माझ्या टाचेत घुसतो. टाच पिकली होती माझी, आठवडाभर पू येत होता. मी ओरडले, "कसली ही दळभद्री हौस! लोक जमवतात ते कपाटात तरी ठेवतात, तुम्ही जमवता आणि कुटता!" तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं, दगडावर बसून, हातोडी मांडीवर घेऊन. शेवटी म्हणाले, "मी जायच्या आत एकही मागे राहता कामा नये, पोरी. तिने परत मागितलेत."

त्या दिवसापासून मी चपला घालून परसात फिरायला लागले.

गेली चार वर्षं त्यांना एकही वाटी मिळाली नव्हती. ते दर रविवारी जायचे, रिकाम्या हाताने यायचे आणि त्यांचा चेहरा मात्र जरा मोकळा होत चालला होता. मला वाटलं, संपल्या. सुटलो एकदाचे.

एका शनिवारी दुपारी दोन माणसं दारात उभी राहिली. एक उंच गृहस्थ, गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं, आणि एक बाई, हातात मखमलीचा तुकडा, कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी ती तो तुकडा पुढे करायची. भिंगवाले म्हणाले की ते जुनी काचभांडी जमवणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. बाजारातल्या एका विक्रेत्याने त्यांना सांगितलं होतं, एक म्हातारा वीस-पंचवीस वर्षं दोन डाव्या हातांची प्रत्येक ओंजळ उचलतो. तेव्हा मोठा संग्रह असणार, बघायला मिळावा.

मी पाणी आणलं. भिंगवाल्यांनी भरलेला पेला डोक्यावर धरला आणि खालून त्याचं बूड बघितलं. थोडं पाणी त्यांच्या कॉलरवर सांडलं तरी त्यांचं लक्ष नाही. मग नखाने पेल्याला टिचकी मारून कान लावला, आणि "अगदीच अलीकडचा" असं म्हणून न पिताच खाली ठेवला. मखमलबाई आमच्या साखरेच्या बरणीचं झाकण उचलून त्याची कड चाचपत होत्या. भिंगवाल्यांनी ती बरणी घेतली, अंगठा जिभेवर ओला केला आणि बुडावर घासला. थुंकीने म्हणे ओरखडे नीट दिसतात, खरे जुने ओरखडे सगळ्या दिशांना असतात, खोटे केलेले एकाच दिशेला. ज्ञान मोठं असेल, पण माझ्या साखरेच्या बरणीला परक्याची थुंकी! तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयोगशाळेत निदान डबीवर नाव असतं.

"तर संग्रह कुठे आहे?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"फोडला," मामंजी म्हणाले.

"म्हणजे? अपघाताने?"

"हातोडीने. एकशे बारा."

मखमलबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. एखाद्याच्या मयताला आलेल्या बाईसारख्या त्या मामंजींकडे पाहत राहिल्या. त्या म्हणाल्या, "तुकडे तरी ठेवलेत का हो? जांभळ्याचे?"

का फोडल्या ते कुणी विचारलं नाही. मामंजींनी आपण होऊन सांगितलं, साचा माझाच, चूक माझीच. झालं! दोघं एकदम ताठ बसले. भिंगवाल्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्यांनी ते गिळलेलं मला दिसलं. "तुम्ही कोरलंत? खुद्द तुम्ही?" म्हणाले, आणि मामंजींचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन त्याकडे पाहायला लागले. मला वाटलं आता हात उलटा करून बूड बघतात की काय. मग हळूच म्हणाले की जगात आता एकच दोन डाव्या हातांची ओंजळ आमच्या माहितीत उरली आहे, जांभळी, आणि ती माझ्याकडे आहे. मंडळाच्या सगळ्यांसमोर तुमच्या हस्ते तिची खात्री करून घ्यायची आहे. याल का?

"येतो," मामंजी म्हणाले. इतक्या पटकन, की ते का येणार आहेत हे मला त्याच क्षणी कळलं.

पुढच्या रविवारी निघताना त्यांची कापडी पिशवी एका बाजूला ओढल्यासारखी लोंबत होती. मी ती हातात घेतली. टॉवेलमध्ये हातोडी.

"अहो मामंजी, वेडेपणा करू नका. पोलिसांना बोलावतील."

"बोलावू देत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काय मला खडी फोडायला लावणार आहेत? तेच तर करतोय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पंखा दुरुस्त करत होता. "तू जा बरोबर," एवढंच म्हणाला. मी गेले. आणि खरं सांगायचं तर हातोडी मी काढून ठेवली नाही. थुंकीची बरणी मी तीनदा घासली होती, तरी मनातून जात नव्हती. फुटू दे, असं मला वाटत होतं. एकदाची ती एकशे तेरावी रेघ पडू दे, म्हातारा सुटू दे आणि या लोकांची तोंडं मला पाहू दे.

भिंगवाल्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. त्यातल्या दोन खोल्या काचेच्या. उन्हाने काचेचा रंग बदलतो म्हणून खिडक्यांना काळे पडदे, भर दुपारी दिवे लावलेले, आणि सगळीकडे व्हिनेगरचा वास, कारण भांडी त्यानेच पुसतात. कपाटांत बशा, तबकं, कोंबडीच्या आकाराचे झाकणाचे डबे, शंभरेक असतील नुसत्या कोंबड्या. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत ओट्याखाली तिची वळकटी दिसत होती. झोपायच्या खोलीत कोंबड्या आणि बायको ओट्याखाली! तिने आम्हाला चहा दिला तो स्टीलच्या पेल्यातून, आणि मला हळूच म्हणाली, "काचेला इथे कुणी हात लावत नाही."

दुसऱ्या खोलीत अकरा माणसं खुर्च्यांवर बसली होती. मध्ये टेबल, त्यावर काळी मखमल, तिच्यावर ती. जांभळी ओंजळ. खाली दिवा ठेवलेला, त्यामुळे बोटांमधून उजेड येत होता. मी आजवर एकही नीट पाहिली नव्हती, मला चुराच माहीत. मामंजी खुर्चीवर बसले, पिशवी पायांशी ठेवली. मी त्यांच्या मागे उभी राहिले.

भिंगवाल्यांनी भाषण केलं. म्हणाले, सामान्य माणूस याला चूक समजेल. पण आमच्या मंडळाने अनेक वर्षं विचार करून असा निष्कर्ष काढला आहे की कलाकाराने हे हेतुपुरस्सर केलं. डावा हात हृदयाच्या बाजूचा. दोन डावे हात म्हणजे दोन हृदयं एका ओंजळीत. अकरा जणांनी माना डोलावल्या. उंटावरून शेळ्या हाकणारे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत, पण एका खोलीत इतके जण मावतात हे मला माहीत नव्हतं. मग टंकलिखित कागद पुढे आला. मी, अमुक अमुक, साचा कोरणारा, लिहून देतो की दोन्ही हात मी जाणूनबुजून डावे केले. खाली सहीसाठी जागा.

"आधी पाहतो," मामंजी म्हणाले.

त्यांना पांढरे सुती मोजे देण्यात आले, हातांत घालायचे. घामाने काच खराब होते म्हणे. मोजे कुणाच्या तरी आधीच्या घामाने पिवळट झालेले होते, बगलेसारखा वास येत होता. मामंजींनी ते चढवले, ओंजळ उचलली आणि दिव्याजवळ धरली. त्यांचा पाय पिशवीला लागलेला मी पाहत होते.

ते बघतच राहिले. मी वाट पाहत होते, ते वाकतील, हातोडी काढतील. ते वाकले नाहीत. मोज्यातलं बोट त्यांनी एका करंगळीवरून फिरवलं, खालून वर, मग दुसऱ्या करंगळीवरून. मग तसंच पुन्हा.

"सूनबाई," ते म्हणाले, "इकडे ये. ही करंगळी बघ."

मी वाकून पाहिलं. करंगळी टोकाशी आतल्या बाजूला वळलेली होती, जराशीच. खोक्याचं झाकण पडून सासूबाईंचं ते बोट मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. मी त्यांचे हात असे उघडे फक्त शेवटच्या आठवड्यात पाहिले, दवाखान्यात, पांढऱ्या चादरीवर, तेव्हा शाल ओढून घ्यायची त्यांच्यात ताकद नव्हती. हीच करंगळी. तळव्यावरच्या रेघा पण होत्या, अंगठ्याखाली तो फुगीर भाग, सगळं. दोनदा.

"मी विसरलो होतो," मामंजी म्हणाले. "बाजारात नुसते अंगठे बघायचो आणि घ्यायचो, घरी कागदातून काढायचोच नाही मी. कधी बघितलंच नाही."

आमच्या घरात सासूबाईंचा एक फोटो आहे. त्यातही हात शालीखाली आहेत.

मामंजींनी ओंजळ खाली ठेवली नाही. तशीच धरून ते भिंगवाल्यांना म्हणाले, "ही मला द्या."

भिंगवाले हसले. अकरा जण हसले. "अहो, कसं शक्य आहे? एकमेव आहे ही आता. चाळीस-पन्नास उरल्या असत्या तर मी तुम्हाला एक अशीच दिली असती. पण बाकीच्या तुम्हीच संपवल्यात. हिची किंमत तुम्हीच तर केलीत!"

खरं होतं ते. म्हणूनच मला त्यांच्या त्या हसऱ्या तोंडात मारावंसं वाटलं. शेळी जाते जिवानिशी आणि हे बसलेत चव घेत.

"बघायला येऊ का मग?" मामंजींनी विचारलं. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा आवाज माझ्या प्रयोगशाळेत अहवाल मागायला आलेल्यांसारखा झाला होता.

भिंगवाल्यांनी कागदावर बोट ठेवलं. "सही झाली की तुम्ही मंडळाचे मानद सभासद. सभासद महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात. सही नाही झाली, तर मात्र..." त्यांनी खांदे उडवले. "तर मग ही म्हणजे नुसता चुकलेला माल. मलाही ठेवून काय करायची? बाहेरगावचा एकजण मागे लागलाच आहे."

मी मामंजींच्या कानाशी वाकले. "मामंजी, खोटं आहे हे सगळं. दोन हृदयं म्हणे! सासूबाई जन्मभर हात लपवून बसल्या त्या यांच्यासारख्यांच्या हसण्यामुळे. यांना सही नका देऊ. चला घरी. नाहीतर काढा ती हातोडी, मी कुणाला अडवू देत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एकशे बारा वेळा फोडली मी तिला," ते म्हणाले. "आता पुरे."

त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला, डाव्या हाताने ओंजळ धरूनच ठेवली, आणि सही केली. ज्या चुकीपायी हा माणूस फुटक्या काचेच्या ढिगावर बसला, बायकोसमोर मान वर करू शकला नाही, ती चूक मी मुद्दाम केली असं त्यांनी लिहून दिलं. अक्षर सुंदर आलं. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मखमलबाई परत रडल्या. भिंगवाल्यांनी कागद उचलून शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली, जरा थुंकी उडाली. मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले.

घरी येताना मला त्यांचा राग आला होता, आणि तो येतोय याचा आणखी राग येत होता. त्या लोकांचं मी समजू शकते, ती जातच तशी. पण मी स्वतः बावीस वर्षं तो चुरा झाडून काढला, टाच पिकली म्हणून बोंबा मारल्या, आणि एकदाही मला सुचलं नाही की कागद सोडून आत काय आहे ते बघावं. एक जरी काढून बघितली असती तर आज ती आमच्या फडताळात असती. हे मनात आलं की मला माझीच किळस येते.

तेव्हापासून आम्ही पाच वेळा गेलो. पंधरा मिनिटं मिळतात. भिंगवाले घड्याळ समोर ठेवून बसतात, कारण मागे इतर सभासद थांबलेले असतात. ते पिवळे मोजे मला बघवेनात, म्हणून मी आमचे स्वतःचे आणलेत, शनिवारी धुऊन दोरीवर टाकते. मामंजी ते चढवतात, जांभळ्या तळव्यात आपला तळवा ठेवतात आणि बसून राहतात. नवे सभासद आले की भिंगवाले त्यांना दोन हृदयांची गोष्ट सांगतात आणि मामंजींकडे बघतात, आणि मामंजी "हो" म्हणतात.

गेल्या खेपेला त्यांनी विचारलं, एक मिनिटभर मोजा काढू का. नुसत्या हाताने एकदाच.

"नियम सगळ्यांना सारखा," भिंगवाले म्हणाले.

मामंजींनी मान हलवली आणि मोज्यातूनच ती करंगळी धरून बसले. मी घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं उरली होती.